रिकामी फळी बघवत नाही त्याचं काय करायचं

आमचं मॅचिंग सेंटर आहे, म्हणजे साडीला जुळणारं ब्लाउजचं कापड, अस्तर, फॉल विकायचं दुकान. कोल्हापुरात राजारामपुरीत, मेन रोडपासनं जरा आत गल्लीत, दहा बाय चौदाचं दुकान. तीन भिंतींना रॅक, पुढं काउंटर, काउंटरखाली फॉलचे गठ्ठे आणि कोपऱ्यात आबांची खुर्ची. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचे वडील शाहू मिलमध्ये होते, १९०६ साली शाहू महाराजांनी काढलेली ती मिल, त्यामुळं कापड आमच्या रक्तातच आहे असं आबा येईल त्याला सांगतात. मी गप्प बसते. मिलमध्ये महिन्याला पगार मिळायचा, दुकानात तो आपला आपण काढायला लागतो, एवढा एक फरक ते सांगायचा विसरतात.

तर विषय खरेदीचा. दुकानदाराला विक्री कशी करायची ते सगळे शिकवतात, यूट्यूबवर ढीग पडलाय, पण खरेदी कुठं थांबवायची ते कोण सांगत नाही. आणि मॅचिंगच्या धंद्यात तर थांबायला जागाच नाही, कारण हिरवा म्हणला तर पोपटी, शेवाळी, रामा, मेंदी, बॉटल ग्रीन, मोरपंखी, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या गर्द-फिक्या दोन-तीन शेड. ते परत रुबियात वेगळे, पॉपलिनमध्ये वेगळे, अस्तरात वेगळे. साडी घेऊन आलेल्या बाईला तिच्या काठातला नेमका रंग पाहिजे असतो. आमच्याकडं चटणी कलर आहे म्हणून ती वांगी कलरच्या साडीवर तो नेणार नाही. त्यामुळं मनात कायम धाकधूक, की जी शेड आपल्याकडं नाही तीच उद्या कोणतरी मागणार.

ह्या धाकधुकीपायी आम्ही किती कापड भरून ठेवलंय ते मला २०२४ च्या आषाढापर्यंत खरंच माहीत नव्हतं. आषाढात लग्नं फारशी नसतात, त्र्यंबोलीच्या यात्रेची गडबड सोडली तर गिऱ्हाईक कमीच. म्हणलं आता सगळा माल एकदा मोजायचा. दुकान दोन दिवस बंद ठेवलं, मुलीला कॉलेजला दांडी मारायला लावली आणि एकेक ताका उतरवून मोजायला घेतला. आबांचा अंदाज तीन लाख, माझा साडेतीन. खरेदीच्या किमतीनं धरून माल निघाला ६ लाख ४० हजारांचा.

मी दोनदा बेरीज केली. मग मुलीनं एक्सेलमध्ये टाकून दाखवली, तीच आली.

मोजताना काय काय निघालं ते सांगण्यासारखं आहे. सगळ्यात खालच्या फळीवर भिंतीला टेकून असलेला एक आमसुली ताका, त्याच्यावर आमच्या ह्यांच्या अक्षरात भावाची चिठ्ठी, आणि ते दुकानात बसायचे सोडून नोकरीला लागल्याला आठ वर्षं झाली. घडीची कड उडून तिथं पांढुरका पट्टा पडलेला, म्हणजे आतलं कापड चांगलं पण बाहेरचा मीटरभर गेलाच. आणि तुकडे! ताका संपत आला की शेवटी जो साठ-सत्तर सेंटिमीटर उरतो, त्यात कोणाचा ब्लाउज बसत नाही (साध्या बाहीला ऐंशी लागतं, कोपरापर्यंत बाही म्हणली की मीटर), तो टाकवत पण नाही, म्हणून पिशवीत कोंबायचा. अशा पिशव्या निघाल्या अकरा, त्यात तुकडे दोनशेच्या वर. मुलगी म्हणाली, मम्मी ह्याचं पण बजेटमध्ये धरायचं काय. मी म्हणलं, पैसे देऊनच आणलंय ते.

वर्षभरात ज्याला हातच लागला नाही असा माल वेगळा काढला, तो १ लाख ९० हजारांचा. आणि त्याच वेळी पतसंस्थेचं २ लाखाचं कर्ज चालू होतं, १२ टक्क्यांनं, कशासाठी घेतलेलं तर सीझनला माल भरायला. म्हणजे महिन्याला दोन हजार व्याज आम्ही भरत होतो आणि तेवढ्याच रकमेचं कापड भिंतीला टेकून झोपलं होतं. त्या रात्री मला राग नक्की कोणाचा आला ते कळलं नाही, एजंटचा, आबांचा का माझा. बहुतेक माझाच, कारण लॉकडाऊननंतर खरेदी माझ्याच हातात होती.

एजंटचं काय असतं, तो वाईट माणूस नसतो, तो त्याचा धंदा करतो. शेड कार्ड घेऊन येतो, आबांच्या तब्येतीची चौकशी करतो, चहा घेतो आणि मग म्हणतो, "वैनी, ह्यो घ्याच. सगळ्या कोल्हापुरात फक्त तुम्हालाच दाखवतोय." आणि आठवड्यात तोच ताका समोरच्या गल्लीतल्या दुकानात बाहेर लटकवलेला दिसतो. त्याच्याकडचं सगळ्यात घातक वाक्य मात्र वेगळं आहे. "पैशाची घाई न्हाई, साठ दिवसांनी द्या." ह्या साठ दिवसांनी माझी जेवढी वाट लावली तेवढी कुठल्या मंदीनं लावली नसेल. कारण उधारीवर आलेला माल फुकट आल्यासारखा वाटतो. गल्ल्यातनं काही जात नाही, रॅक भरलेला दिसतो, आपण खूश. साठ दिवसांनी बिल येतं तेव्हा त्यातला निम्मा माल जागेवर असतो आणि पैसे काढायचे कुठनं तर चालू आठवड्याच्या विक्रीतनं, म्हणजे ज्यातनं अस्तर आणि फॉल आणायचा असतो त्यातनं. मग अस्तर संपतं. मॅचिंग सेंटरमध्ये पांढरं आणि काळं अस्तर संपणं म्हणजे मिसळीच्या हॉटेलात पाव संपण्यासारखं आहे.

२०१९ च्या महापुरात हे चांगलं कळायला पाहिजे होतं. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांचं जे झालं ते बघवत नव्हतं, त्या मानानं आमचं काहीच नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका पातळी, पाणी त्याच्याही कितीतरी वर चढलं. पण शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, जवळजवळ आठवडाभर बंद, आमचं सुरतचं पार्सल मधेच कुठंतरी अडकलं, आणि गणपती २ सप्टेंबरला. पार्सल आलं तोवर गावाकडचं गिऱ्हाईक यायचं बंद झालेलं, ज्यांच्या घरातच पाणी होतं ते ब्लाउज पीस कशाला घेतील. माल थांबला, गिऱ्हाईक थांबलं, पण बिलाची तारीख काही थांबली नाही. आबांनी तेव्हा आत्याची अंगठी ठेवून बिल भागवलं. (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या अंगठीचा विषय अजून घरात कोणी काढत नाही.)

तर मोजणीनंतर मी बजेट करायला बसले. पहिली चूक ही केली की एक आकडा ठरवून टाकला, महिन्याला ऐंशी हजाराच्या वर खरेदी नाही म्हणजे नाही. दोन महिन्यांत तो नियम मोडला, कारण श्रावणात ऐंशी हजार जास्त होतात आणि तुळशीच्या लग्नानंतर कमी पडतात. आमच्याकडं पैसा येतो तो पण सरळ येत नाही. शेतकऱ्याच्या घरात उसाचं बिल जमा झालं की लग्नाचा बस्ता, दिवाळीच्या तोंडावर दूध संघाचा फरक जमा झाला की पोरींचे ड्रेस आणि आईचा ब्लाउज. पितृपंधरवड्यात तर काउंटरवर बसून मी हुकांच्या डब्या लावते. वर्षाला एकच आकडा म्हणजे पावसाळ्यात पण छत्री आणि उन्हाळ्यात पण छत्री.

मग माहेरच्या ओळखीतले एक अकाउंटंट काका आहेत, त्यांनी साधा हिशोब शिकवला. मोठ्या कापड दुकानांत हे असंच करतात म्हणे, मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ह्या महिन्यात किती विकणार ते धरायचं, पण विक्रीच्या भावानं नाही, मालाच्या किमतीनं. त्यात महिनाअखेर दुकानात किती माल असायला पाहिजे तो आकडा मिळवायचा. त्यातनं आज असलेला माल वजा करायचा, आणि ऑर्डर दिलेली पण अजून न आलेली रक्कम पण वजा करायची. जे उरेल तेवढीच खरेदी.

२०२५ च्या सप्टेंबरची चिठ्ठी माझ्याकडं अजून आहे, तीच उतरवते. घट २२ तारखेला बसणार होते म्हणून विक्री २ लाख ६० हजार धरली. आमच्याकडं विक्रीच्या शंभर रुपयांत मालाचे पासष्ट असतात, म्हणजे १ लाख ६९ हजार. महिनाअखेर ४ लाख ५० हजारांचा माल पाहिजे होता. दोन्ही मिळून ६ लाख १९ हजार. हातात माल ५ लाख १० हजारांचा, वाटेत २४ हजारांचा. उरले ८५ हजार. बास, नवरात्र असो नाहीतर आणि काय असो.

हे पासष्ट काढताना पण एक घोळ होता. आम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान दुकानदारांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत आहोत, उलाढालीवर १ टक्का भरतो, गिऱ्हाईकाकडनं वेगळा जीएसटी घेता येत नाही आणि खरेदीवर दिलेला परत पण मिळत नाही. म्हणजे कापडावरचा ५ टक्के जीएसटी आमच्यासाठी मालाच्या किमतीतच गेला. त्यात ट्रान्सपोर्टचं भाडं, हमाली. मी कित्येक वर्षं बिलावरचा वरचा भाव धरून मार्जिन काढत होते आणि वर्षाच्या शेवटी पैसे गेले कुठं म्हणून शोधत होते. बरं, त्याच २२ सप्टेंबरला नवीन जीएसटीचे दर लागू झाले, दिवसभर बायका विचारत होत्या, कापड स्वस्त झालं काय वो. मीटरवरच्या कापडाला आधी पण ५ च टक्के होता, आता पण ५ च आहे, हे मी त्या दिवशी चाळीस वेळा तरी सांगितलं असेल.

८५ हजार आले की त्याचे तीन भाग. ५१ हजार रोजच्या मालाला, म्हणजे अस्तर, फॉल, पॉपलिन, आणि रुबियाच्या ज्या तीसेक शेड बारा महिने जातात त्या. साडेपंचवीस हजार सीझनला. आणि उरलेले साडेआठ हजार हौसेला. हा हौसेचा भाग आधी नव्हता आणि तो नसल्यामुळंच सगळं कोलमडत होतं. कारण दुकानदाराला नवीन कापडाचा मोह होतोच, ज्याला होत नाही त्यानं कापडाचं दुकान टाकू नये. एजंटनं काहीतरी झकास उलगडून दाखवलं आणि आपण कोरडेपणानं नाही म्हणलं असं दोनदा होईल, तिसऱ्यांदा घरातनं पैसे आणून घेतलं जातंय. त्यापेक्षा हौसेला नाव देऊन पैसे बाजूला काढलेले बरे. साडेआठ हजारांत काय पाहिजे ते उधळा, खणाचं घ्या, ब्रोकेड घ्या, आरशाची लेस घ्या. संपले की संपले.

चिठ्ठी जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर लिहिते आणि गल्ल्याच्या झाकणाला आतनं चिकटवते. माल दुकानात उतरला की त्याच दिवशी वजा. पैसे रोख दिले का साठ दिवसांनी देणार ह्याच्याशी चिठ्ठीला देणंघेणं नाही. हा एक नियम सोडून बाकी सगळं विसरला तरी चालेल एवढा तो मला महत्त्वाचा वाटतो. आणि एजंटसमोर गल्ला उघडून चिठ्ठी दाखवते. पहिल्यांदा तो हसला. "वैनी, तुम्ही काय बँकेत हाय काय?" आता आल्या आल्या विचारतो, किती शिल्लक हाय, आणि त्याप्रमाणंच पिशवी उघडतो. त्याचा पण वेळ वाचतो की.

नवरात्राच्या रंगांचं सांगते, कारण त्यात मी चांगलीच पोळले होते. नऊ दिवसांचे रंग दरवर्षी पेपरात येतात, व्हॉट्सअॅपवर फिरतात, आणि अंबाबाईच्या दर्शनाला जायचं, ऑफिसात फोटो काढायचे म्हणून बायका त्या रंगाच्या साड्या काढतात, मग ब्लाउज शोधत येतात. २०२३ ला यादीत राखाडी बघितला, दुकानात राखाडी नव्हता, घाबरून सहा ताके आणले. वीस मीटरचा ताका धरला तर एकशेवीस मीटर. विकला गेला तीस-पस्तीस. कारण राखाडी नेसायचा तो एकच दिवस, दसऱ्यानंतर राखाडी ब्लाउज कोण शिवून घेतंय. नंतर बसून चार-पाच वर्षांच्या याद्या एकमेकीशेजारी ठेवल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सात रंग तर वाराला बांधलेले आहेत! रविवारी केशरी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा आणि शनिवारी राखाडी. शेवटच्या दिवसांना वार परत आले की गुलाबी, जांभळा, मोरपंखी असं फिरतं. म्हणजे यादी यायची वाट कशाला बघायची, घट कुठल्या वारी बसतात ते कॅलेंडरवर आधीच दिसतं. त्यात लाल, हिरवा, पिवळा बारा महिने जाणारे, ते भरपूर आणले तरी भीती नाही. राखाडी मोजका. आणि माझ्याकडं राखाडीचे साडेचार ताके आहेतच, पुढची दहा नवरात्रं तरी काळजी नाही.

हे सगळं जमल्यावर पण गेल्या नवरात्रात मोरपंखी कमी पडला. सीझनचे पैसे संपलेले, हौसेचे मी खणाच्या कापडावर आधीच घातलेले. दोन दिवस मी बायकांना स्वतः सांगून दुसऱ्या दुकानात पाठवत होते आणि आबा खुर्चीत बसून छताकडं बघत होते. एक शब्द बोलले नाहीत, ते बोलले असते तर परवडलं असतं. गिऱ्हाईक परत जाताना बघणं फार वाईट असतं, खरं सांगते. पाच-सहा हजाराची विक्री गेली असेल. पण दिवाळी झाल्यावर रॅककडं बघितलं तर उरलेला मोरपंखी दोन मीटर. आणलाच असता तर घाबरून चार ताके आणले असते ह्यात मला शंका नाही.

"नाही"ची एक वही पण केलीय. गिऱ्हाईकानं मागितलं आणि आपल्याकडं नव्हतं ते लिहायचं, तारीख घालून. आधी आम्ही हे नुसतं मनात ठेवायचो, आणि मन लबाड असतं, एका बाईनं जरा जोरात विचारलं की वाटतं सगळं गाव विचारतंय. वहीत तीन वेगवेगळ्या गिऱ्हाईकांनी मागितलं तरच पुढच्या महिन्याच्या यादीत. त्या वहीनं मला दाखवलं की लोक शेडसाठी परत जातच नाहीत फारसे. जातात ते बारक्या गोष्टींसाठी. साइझचे कप, पारदर्शक हुक, स्किन कलरचं चांगल्यातलं अस्तर, आणि मीटरच्या वर सव्वा मीटर सलग मिळत नाही म्हणून. शेड तर त्या आपणहून जुळवून घेतात. बाई साडी आणि ताका दोन्ही हातात घेऊन दुकानाच्या बाहेर उन्हात जाते, पदर त्याच्यावर टाकते, डोळे बारीक करते, आत येते, परत बाहेर जाते, रस्त्यानं चाललेल्या अनोळखी बाईला विचारते, "जुळतंय काय वो?" ती थांबून सांगते, "जरा गर्द हाय, पण शिवल्यावर कळत न्हाई." झालं, विकला. ट्यूबलाइट काढून एलईडी लावल्यापासनं ह्या फेऱ्या जरा वाढल्यात एवढंच.

ओटीच्या पीसबद्दल मात्र मी चुकीची होते, हे मान्य केलं पाहिजे. ते स्वस्तातले, पातळ, डझनावर घ्यायचे पीस, मला ते दुकानात ठेवायला पण कमीपणा वाटायचा. चांगल्या रुबियाशेजारी काय ते. पण माल वर्षात किती वेळा फिरतो ते काढलं तेव्हा सगळ्या दुकानाचा माल सव्वादोन वेळा फिरत होता आणि ओटीचे पीस आठ वेळा. गौरी, नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू, वास्तुशांत, डोहाळजेवण, काही ना काही असतंच. मार्जिन थोडं, पण पैसे परत येऊन दुसऱ्या मालाला लागतात. आणि हे पीस कोण शिवत नाही हे तुम्हाला पण माहितीय, ते नुसते फिरतात. एका संक्रांतीला आठव्या गल्लीत हळदीकुंकवाला गेले होते, ओटीत पीस मिळाला, घरी येऊन बघते तर त्यावर आमच्याच दुकानाचं स्टिकर, जुन्या फोन नंबरचं. तो नंबर बदलून सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं तो पीस कोल्हापुरात फिरत होता.

झोपलेला १ लाख ९० हजारांचा माल काढायला दीड वर्ष गेलं आणि त्यात तोटा झाला, गोड करून सांगण्यात अर्थ नाही. कड उडालेले ताके शिलाई क्लासवाल्या दोन बायांना सरावासाठी निम्म्या भावात दिले. ब्रोकेड एका नाटकाच्या ड्रेपरीवाल्याला. तुकड्यांच्या अकरा पिशव्या वाकळ शिवणाऱ्या मावशींना किलोवर दिल्या, आता दर दोन महिन्यांनी त्या येतात. परवा म्हणाल्या, "तुमचा राखाडी असंल तर द्या, कडेला चांगला दिसतोय." म्हणलं, मावशी, राखाडी पाहिजे तेवढा घ्या. अंदाजे सत्तर हजार बुडाले. बाकीचे आले ते सगळेच्या सगळे पतसंस्थेत भरले, आणि हे लिहिताना बरं वाटतंय की कर्जाचे आता शेवटचे चार हप्ते राहिलेत.

माल साडेचार लाखावर आला तसा प्रश्न उभा राहिला फळ्यांचा. फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या. आबांचं म्हणणं, दुकान भरलेलं दिसलं पाहिजे, रिकामी फळी दिसली की गिऱ्हाईकाला वाटतंय ह्यांचं काय खरं नाही. मी आधी हसण्यावारी नेलं, पण त्या महिन्यात खरंच दोघी-तिघींनी विचारलं, दुकान बंद करताय काय? म्हणजे आबांचं पूर्ण चूक नव्हतं. मग एका भिंतीचा रॅक काढून टाकला आणि तिथं फॉल-पिकोचं मशीन बसवलं, एक मुलगी दुपारी येते. बाकीच्या रॅकमध्ये ताके आडवे एकावर एक ठेवायचो ते उभे लावले, पुस्तकासारखे. तोच माल, फळी भरलेली. आणि काढताना खालचा ओढला की वरचे सात अंगावर यायचे ते पण थांबलं.

आबांचा स्वतःचा मात्र भरवसा नाही. मागच्या माघात फक्त पांढरं अस्तर आणतो म्हणून केएमटीच्या बसनं गांधीनगरला, कोल्हापूरजवळच्या कापडाच्या घाऊक बाजारात गेले, जाताना मी यादी दिली, पैसे मोजून दिले. संध्याकाळी आले ते रिक्षानं, मांडीवर गठ्ठा, पायात गठ्ठा. सोनेरी बुट्टीचं ब्रोकेड, पाच रंगांत. "अगं त्यानं भाव असा दिला की सोडवंना. आणि पैसे नंतर देतो म्हणलोय, ओळखीचा हाय." ११ हजार ४०० चं बिल. मी काही बोलले नाही, गल्ला उघडला, पुढच्या महिन्याच्या चिठ्ठीवर हौसेच्या साडेआठ हजारांवर काट मारली आणि उरलेले २ हजार ९०० सीझनमधनं वजा केले. त्यांच्यासमोर. ते बघत होते. मग जरा वेळानं म्हणाले, "लग्नाला जातंय बघ हे." गेलं पण, तीन रंग गेले. दोन आहेत.

उद्या मला गांधीनगरला जायचंय. चिठ्ठीवर ९ हजार २०० शिल्लक आहेत, यादीत काळं अस्तर, मरून आणि क्रीम रुबिया, साइझचे कप आणि फॉल एवढंच. रोख पाकिटात घालून ठेवलेत, फोन पण मुलीकडं ठेवून जाणार आहे. आबा आत्ता इस्त्रीचा शर्ट काढून ठेवतायत, म्हणाले, मी पण येतो, गठ्ठे उचलायला कोणतरी पाहिजे की तुझ्याबरोबर.